सगळे गोड वागायला लागले तेव्हा

डॉक्टरांनी मला सांगितलं की पोटात व्रण झाला आहे, दुसरं काही नाही. आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. चूक एवढीच. पुढे जे जे झालं ती सगळी या एका चुकीची पिल्लावळ.

हे लिहायला बसलो त्याचं कारण असं की, मी बरा झाल्यापासून आमच्या बंगळुरातल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण पोट धरून माझ्याकडे येऊन गेले. कुणाला ऑफिसात साहेब छळतो, कुणाच्या घरी भांड्याला भांडं लागतं, कुणाची मुलगी शाळेचं नाव काढलं की तापते. सगळ्यांचा प्रश्न एकच, "बोरगावकर, तुम्ही बरे कसे झालात?" औषधाचं विचारायचं असेल तर डॉक्टरांकडे जा. मला औषधातलं कळत नाही, आणि मला जे औषध म्हणून दिलं होतं त्यातलं बरंचसं मी मांजराला पाजलं. ते पुढे येईलच. शहाणा, शिकलेला, बायकोमुलीचा माणूस आजारात किती मूर्खपणा करू शकतो, एवढं मात्र मी अधिकारानं सांगू शकतो.

दुखणं यायच्या आधी

के. आर. पुरमच्या अंगाला एक सरकारी कारखाना आहे, तिथे मी इन्स्पेक्शन खात्यात आहे. यंत्रावर तयार झालेला तुकडा आमच्या टेबलावर येतो. आम्ही तो मोजतो. बरोबर असला तर पुढे, नसला तर लाल ठिपका लावून मागे. थोडक्यात, संशय घेण्याचा मला पगार मिळतो.

तुकडे बनवणाऱ्या खात्याचा फोरमन मुदलियार. त्याचं आणि माझं नातं साप-मुंगसाचं. त्यात साप कोण यावर मात्र आमचं एकमत नव्हतं. महिनाअखेर आली की तो माझ्या टेबलासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि आपल्या मद्रासी हिंदीत विचारायचा की आज तुमचं माप उपाशी आहे काय, सगळाच माल खातंय. दुसऱ्या बाजूनं आमचे साहेब. त्यांचं म्हणणं, एक तुकडा जरी चुकीचा बाहेर गेला तरी मान तुमची. मग मी प्रत्येक तुकडा दोनदा मोजायला लागलो. मग तीनदा. मग बसमधून घरी येताना वाटायचं, तो शेवटचा तुकडा नीट मोजला होता का?

कारखान्याची बस आम्हाला संध्याकाळी जयनगरला आणून सोडायची. त्या वेळी जयनगर म्हणजे आखलेले रस्ते, रोवलेले दगड आणि अधूनमधून एखादं घर. घरी आलं की आधी मी स्टोव्ह विझलाय का बघायचो, मग कडी, मग परत स्टोव्ह. त्यानंतर आमच्या नलीच्या अभ्यासाची तपासणी. नली तेव्हा पाचवीत. गल्लीत ती फर्डं कन्नड बोलायची, पण कन्नडच्या पेपरात तिची दातखीळ बसायची. परीक्षेच्या दिवशी सकाळी तिच्या पोटात कळ यायची. मी म्हणायचो, नाटक आहे. घरात पोटदुखीचा मान माझा एकट्याचा.

माझी बायको सुमती तोंडानं खमकी. आमचं रोज भांडण व्हायचं आणि रोज एकाच विषयावर, माझी आई साताऱ्याहून येऊन किती दिवस राहणार. आईचं म्हणणं पावसाळाभर. सुमतीचं म्हणणं, पाऊस बंगळुरात वर्षभर केव्हाही पडतो, तेव्हा आधी पावसाळ्याची व्याख्या ठरवा.

अशा तिहेरी शेगडीवर माझं पोट शिजत होतं. छातीच्या हाडाखाली एक निखारा ठेवल्यासारखं वाटायचं. काही खाल्लं की विझायचा, तासाभरानं पुन्हा फुलायचा. ओवा झाला, सोडा झाला, कुणीतरी सांगितलं म्हणून उपाशीपोटी कोहळ्याचा रसही झाला. शेवटी एकदा कारखान्यात, मुदलियारशी हुज्जत घालता घालता, मला उलटी झाली आणि तिचा रंग कॉफीच्या चोथ्यासारखा निघाला. बंगळुरात राहून कॉफीचा चोथा ओळखू न येणारा माणूस नाही. मुदलियार गप्प झाला. तो गप्प झालेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि माझ्या संशयाला तिथेच सुरुवात झाली.

निदानाचा दिवस

इस्पितळात मला खडू कालवल्यासारखं पांढरं पेय पाजून पोटाचे फोटो काढले. मग डॉक्टर अनंतय्यांनी सुमतीला आणि मला समोर बसवलं. शांत, हळू बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, व्रण आहे. काळजीनं चिडलेलं पोट आहे. इथे पडून राहा, वेळच्या वेळी दूध घ्या, झोपा, कशाचाही विचार करू नका. काही आठवड्यांत भरून येईल. नाही ऐकलंत तर व्रणातून रक्त वाहील, आणि मग चाकू चालवावा लागेल.

मी म्हटलं, ठीक. तेवढ्यात ते म्हणाले, "मिस्टर बोरगावकर, तुम्ही जरा बाहेर बसा. मला तुमच्या मिसेसशी बोलायचं आहे."

इथे आमच्या घराण्याची रीत सांगायला हवी. आमच्याकडे आजारी माणसाला त्याचा आजार सांगत नाहीत. माझे चुलते तात्या गेले तेव्हा त्यांना काय झालं होतं ते घरच्यांना माहीत होतं, शेजाऱ्यांना माहीत होतं, दूधवाल्यालाही माहीत होतं. माहीत नव्हतं फक्त तात्यांना. त्यांच्या खाटेवर बसून "काही नाही तात्या, पित्त आहे," असं म्हणायच्या पाळ्या लागायच्या आणि माझ्या पाळीला मी ते फार छान म्हणायचो. या रीतीचा क्रम ठरलेला. आधी डॉक्टर घरच्यांना बाजूला घेतात. मग घरचे हसत बाहेर येतात. मग आजारी माणसाशी कुणी वाद घालत नाही, आणि त्यानं मागितलेलं सगळं मिळायला लागतं. तात्यांनी माघात आंबा मागितला तर कुठून कोण जाणे, पण आंबा आला. आंबा आला तेव्हाच आम्ही समजलो.

त्यामुळे त्या बंद दाराबाहेर बाकावर बसलो असताना मी फक्त एकाच गोष्टीवर नजर ठेवून होतो. सुमती बाहेर कशी येते.

ती हसत बाहेर आली. मला म्हणाली, "चला, काही काळजीचं नाही हं." आणि तिनं माझी पिशवी स्वतः उचलली.

लग्न झाल्यापासून तिनं माझ्याशी बोलताना "हं" वापरला नव्हता. मी ओळखलं, आपला आंबा यायला लागला.

वॉर्ड

वॉर्डात दर दोन तासांनी दूध. मधल्या वेळात खडूसारखी पूड पाण्यातून. संध्याकाळी झोपेची एक छोटी गोळी. मसाला नाही, मिरची नाही, कॉफी तर नावाला नाही. समोरच्या खिडकीतून रस्त्यावरच्या हॉटेलातला डोशाचा वास मात्र फुकट. सिस्टर फिलोमिना मंगळूरकडच्या, बांध्यानं बुटक्या, चालताना बुटांचा आवाज न करणाऱ्या. संशयी माणसाला अशी नर्स मिळू नये. मान वळवावी तर त्या उभ्याच.

माझ्या शेजारच्या खाटेवर सेतुराव नावाचे वयस्क गृहस्थ होते. निवृत्त ड्रॉइंग मास्तर. सायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं आणि पाय वजनं बांधून वर टांगला होता. त्यांचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इकडे मुरलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत अर्धी फोडणी कन्नडची. मला पाहून म्हणाले, "या अण्णा. इकडचं दूध स्वल्प पातळ आहे, पण सरी, चालतं." वॉर्डात इतकी माणसं, तमिळ, तेलुगू, कन्नड, आणि मराठी बोलणारा एकच माणूस, तो नेमका माझ्या शेजारी. मी ते मनात टिपून ठेवलं.

सेतुराव डॉक्टर सांगतील ते करत आणि गाढ झोपत. मी त्यांना विचारलं की तुम्हाला भीती वाटत नाही? ते म्हणाले, वाटते, पण पाय टांगलेला असताना पळून कुठे जाणार?

तपासणी

कारखान्यात एखाद्या तुकड्याबद्दल शंका आली की आम्ही तो वेगवेगळ्या बाजूंनी मोजतो. मी माणसं तशी मोजायचं ठरवलं.

पहिलं माप सुमतीला लावलं. ती संध्याकाळी डबा-पिशवी घेऊन यायची, स्टुलावर बसायची आणि मी काहीही म्हटलं तरी "बरं" म्हणायची. मी म्हटलं, आपण जयनगर सोडून दुसरीकडे राहायला जाऊ. बरं. मी म्हटलं, नलीला संस्कृत घ्यायला लावू. बरं. शेवटी मी ठेवणीतला विषय काढला.

"आईला वर्षभर राहायला बोलवावं म्हणतो."

सुमतीनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाली, "येऊ द्यात की. त्यांचंच घर आहे."

माझ्या पोटातला निखारा घशापर्यंत आला. एवढा धडधडीत पुरावा कुठल्याही कोर्टानं मानला असता.

दुसरं माप लावायची गरजच पडली नाही, ते आपल्या पायांनी चालत आलं. मुदलियार संत्री घेऊन भेटायला आला, स्टुलावर अवघडून बसला आणि म्हणाला की तुम्ही मागच्या महिन्यात परत केलेला माल खरोखरच वाईट होता, चूक आमच्या खात्याची. एखादा फोरमन इन्स्पेक्टरच्या तोंडावर असं म्हणतो ते फक्त एकाच प्रसंगी, आणि त्या प्रसंगी इन्स्पेक्टर सहसा आडवा असतो. मी त्याचा हात हातात घेतला. तो आणखी अवघडला.

तिसरी नली. रविवारी सुमती तिला घेऊन आली आणि सिस्टरशी काही बोलायला बाहेर गेली. मी नलीला विचारलं, कन्नडचा पेपर कसा गेला? ती खाटेच्या दांडीवर नख घासत राहिली.

"आई म्हणालीय, बाबांना काही सांगायचं नाही."

"काय सांगायचं नाही?"

"काहीच नाही." मग हळूच, "आई स्टोव्हशी भांडते."

म्हणजे काय, तर म्हणे आई स्वयंपाकघराचं दार लावून घेते, स्टोव्हला जोरजोरात पंप मारते, आणि त्या घरघरीत त्याला वाट्टेल ते बोलते. बाहेर आली की हसते. मी नलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, बिचारी, रडण्याचा आवाज लपवायला स्टोव्ह लावते.

बिचारी खरोखरच होती. पण ती स्टोव्हला कुणाच्या नावानं बोलत होती, ते मला पुढे कळलं.

प्रयोग

आता नीट ऐका, कारण माझ्याकडे पोट धरून येणाऱ्यांपैकी निदान दोघांनी हाच प्रकार चालवलेला मला आढळला आहे.

मी विचार केला, हा खरोखर व्रण असेल तर दुधानं बरा होईल. बरा होत नाही, म्हणजे व्रण नाही. पण बरा होत नाही हे कशावरून? तर प्रयोगावरून. दूध बंद करून बघायचं. दुखणं वाढलं तर दुधाचा उपयोग होता, म्हणजे व्रण. तेवढंच राहिलं तर दूध हा नुसता देखावा. शास्त्रशुद्ध पद्धत, एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या. पण दुसऱ्याच दिवसापासून मी संध्याकाळची गोळीही जिभेखाली धरून नंतर उशीच्या अभ्र्यात टाकायला लागलो, कारण गुंगीत ठेवलेल्या माणसाला निरीक्षण कसं करता येणार?

व्हरांड्यात एक पिवळं मांजर यायचं. दूध त्याला. सेतुराव हे सगळं खाटेवरून बघत होते. मला पुढे कळलं की त्यांना वाटलं, माणूस मनानं हळवा आहे.

दुखणं वाढलं. चांगलंच वाढलं. प्रयोगाचा निकाल स्वच्छ लागला होता, व्रण होता आणि दुधानं त्याला आराम पडत होता. पण माझ्या मनानं निकाल असा वाचला की, बघा, आतलं ते जे काही आहे ते पसरायला लागलं. कारखान्यात असा अहवाल कुणी दिला असता तर मी त्याला लाल ठिपका लावून परत पाठवलं असतं.

झोप तर गेलीच. पडल्या पडल्या मी डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून, सिस्टरच्या न वाजणाऱ्या बुटांवरून, सुमतीच्या एकेका "बरं" वरून अर्थ काढत बसायचो. माणूस एकदा का पुरावे गोळा करायला लागला की जग त्याला हवे तेवढे पुरवतं. सिस्टर हसल्या, की दया. नाही हसल्या, की दुःख.

एका दुपारी पेला घेऊन व्हरांड्याकडे निघालो आणि डोळ्यांपुढे काळोख आला. सेतुराव ओरडले ते मी ऐकलं, "सिस्टर! अण्णा पडला!" नंतरचं मला ऐकीव माहीत आहे. आतून रक्त जात होतं. डॉक्टर अनंतय्या धावत आले, अभ्र्यातल्या गोळ्या सिस्टरना सापडल्या, आणि दुधाचं सेतुरावांनी सांगितलं.  डॉक्टरांनी म्हणे चष्मा काढून पुसला.

रक्त

शुद्धीवर आलो तेव्हा दंडातल्या सुईतून बाटलीतलं रक्त चढत होतं आणि स्टुलावर मुदलियार बसला होता, दंडावर कापूस दाबून. रक्त हवंय असा कारखान्यात निरोप गेला तेव्हा माझ्या खात्यातली माझी जिवाभावाची माणसं एकमेकांकडे बघत राहिली. रक्त दिलं की माणूस कायमचा अशक्त होतो अशी तेव्हा पक्की समजूत होती. मुदलियार मात्र निघून आला, आणि त्याचं रक्त माझ्याशी जुळलं.

मला डोळे उघडलेले बघून तो म्हणाला, "माझ्या खात्यातून आलंय. परत पाठवू नका."

डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत बघू. थांबलं तर देव पावला, नाही थांबलं तर ऑपरेशन. आणि अशा अशक्त अंगावर ऑपरेशन म्हणजे सोपं नाही. या वेळी हे त्यांनी माझ्यासमोर सांगितलं. मी मनात म्हटलं, आता लपवायची गरज उरली नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमती पुन्हा आली. डोळे सुजलेले, तोंडावर हसू तसंच. मी तिचा हात धरला आणि निरवानिरवीचं बोलायला सुरुवात केली. म्हटलं, तू नलीला घेऊन साताऱ्याला जा. आईला सांभाळ. पुन्हा लग्न करायचं असेल तर माझी हरकत नाही. मला सगळं कळलंय, तू लपवलंस त्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी दार लावून तुला जे सांगितलं, तेवढं एकदा मला सांग, म्हणजे मी सुखानं डोळे मिटेन.

 तिचं हसू हळूहळू मावळत गेलं. मग तिनं माझा हात सोडवून घेतला.

"काय सांगितलं ते ऐकायचंय? ऐका. ते म्हणाले, तुमच्या मिस्टरांना व्रण आहे. त्यांचा स्वभाव संशयी आहे. घरात त्यांच्या मनाविरुद्ध काही होऊ देऊ नका, शब्दाला शब्द लावू नका, मुलीच्या मार्कांचं सांगू नका. कारखान्यातही मी तसंच कळवतो. झालं. एवढंच. या एवढ्यासाठी मी इतके दिवस गप्प. तोंडातून शब्द येईल म्हणून पदर तोंडात कोंबून गप्प. सगळं त्या मेल्या स्टोव्हला बोलायची. माझं कपाळ असं ठणकतं की भांडी घासताना दिसत नाही. आणि तुम्ही इथे मांजराला दूध पाजताय?"

मी म्हटलं, "अगं, पण आईला वर्षभर..."

"वर्षभर नाही!" तिचा आवाज चढला. सगळा वॉर्ड आमच्याकडे वळला. सेतुरावांनी पेपर उघडून तोंडापुढे धरला. "पंधरा दिवस. फार तर महिना. त्यांनी माझ्या लोणच्याला नावं ठेवली तर तोही नाही. आणि साताऱ्याला मी जाणार नाही, जायचं तर तुम्ही जा. नलीला कन्नडात पस्तीस सुद्धा पडले नाहीत, ते का, तर पेपरच्या आदल्या दिवशी बाप उलटतपासणी घेतो म्हणून. आणि म्हणे पुन्हा लग्न कर! एकदा केलं त्याचं बघतेय की मी! गप्प पडून राहा आणि समोर येईल ते दूध प्या. मरायचं असेल तर आधी बरे व्हा, मग बघू!"

आणि मग ती स्टुलावर बसून रडली. हसत नव्हे, स्टोव्ह लावून नव्हे, सगळ्यांदेखत, नाक ओढत.

आमच्या घराण्यात मरणाऱ्या माणसाला असं कधी कुणी बोललेलं नाही. तात्यांना तर शेवटी शेवटी कुणी "अहो" सुद्धा मोठ्यानं म्हणत नव्हतं. तिच्या एकेका शब्दासरशी माझ्या छातीवरचा दगड उतरत गेला. हिला मी जगणार याची खात्री आहे. नाहीतर ती आईवरून इतकी भांडली नसती. मी सिस्टर फिलोमिनांना हाक मारली आणि दूध मागितलं. त्यांनी पेला दिला आणि मी तो पूर्ण पिईपर्यंत हलल्या नाहीत. त्या संध्याकाळची गोळी गिळली. तोंड उघडून दाखवलंसुद्धा.

रक्त थांबलं. चाकू चालवावा लागला नाही. त्यात दूध किती, मुदलियार किती आणि सुमती किती, याचा हिशेब डॉक्टर अनंतय्यांनाही मांडता आला नाही. ते एवढंच म्हणाले की जे मी तुमच्या मिसेसना सांगितलं ते तुम्हा दोघांना बसवून सांगायला हवं होतं. मग त्यांनी दोघांना बसवून सांगितलं, की भांडा, पण बेतानं, आणि जेवताना नको.

विचारणाऱ्यांसाठी

काय करावं असं जे विचारतात त्यांना माझ्याजवळ मोठा मंत्र नाही. मी तुकडा एकदा मोजतो आणि हातावेगळा करतो. दुसऱ्यांदा मोजावासा वाटला की शेजारच्याला मोजायला सांगतो. घरी आल्यावर स्टोव्ह सुमती बघते, मी बघत नाही. हे जमायला मला व्रण भरून येण्यापेक्षा जास्त वेळ लागला. रविवारी सकाळी आम्ही तिघं लालबागेत जातो आणि तिथे शाळा, कारखाना, सातारा यांतला कुठलाही विषय काढणाऱ्यानं बाकीच्यांना शेंगा घेऊन द्यायच्या. शेंगा बहुधा मीच घेतो. नलीचा अभ्यास आता शेजारच्या कमलाक्का घेतात. तिचं पोट अजून कधी कधी दुखतं, पण मी त्याला नाटक म्हणत नाही. ओवा देण्याऐवजी तिच्याजवळ नुसता बसतो.

आणि घरात कुणी आजारी असेल तर त्याला खरं सांगा. निदान त्याच्याशी एकदम गोड तरी वागू नका. आजारी माणसाला कान चार असतात आणि डोकं अर्धं. मिळालेल्या प्रत्येक गोडव्याचं तो विष करून घेतो. हे सगळं मी आता सांगतोय, पण तुम्ही समजता तेवढा मी सुधारलेलो नाही. इस्पितळातून घरी निघालो त्या दिवशीचंच घ्या.

सुमती खाली जटका, म्हणजे इकडचा टांगा, ठरवायला गेली होती. सेतुरावांचा पाय अजून टांगलेलाच होता. मी त्यांच्या खाटेपाशी गेलो, नमस्कार केला, आभार मानले. आणि मग राहवेना, म्हणून हळूच विचारलं. म्हटलं, मास्तर, आता सगळं संपलंय, तुम्ही मोकळेपणानं सांगा, मला राग येणार नाही. एवढ्या मोठ्या वॉर्डात मराठी बोलणारे तुम्ही एकटे, आणि नेमके माझ्या शेजारी. माझ्यावर नजर ठेवायला म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला तिथे ठेवलं होतं ना?

सेतुरावांनी आधी वर टांगलेल्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अण्णा," ते म्हणाले, "माझी मांडी मोडून मला तुमच्या पाळतीला ठेवायला तुम्ही काय म्हैसूरचे महाराज लागून गेलात?"